युद्धकाळातले लेखक आणि माहितीपटांतली उसनी दृश्यं : मीच किस काढतोय का?

खाडीकाठचा (शनिवार, रात्री ११:५२)

आमच्या सोसायटीत (कोलशेत, ठाणे) महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून एखादा माहितीपट बघायचा, मग चहा-सामोसे आणि गप्पा. आज पहिल्या महायुद्धातल्या इंग्रज कवींवरचा एक तासाभराचा माहितीपट होता. निवेदन उत्तम, कविता वाचणारा आवाज तर काळजात उतरणारा.

रुपर्ट ब्रूकची ती मातृभूमीवरची कविता सुरू झाली आणि पडद्यावर काय? लोखंडी हेल्मेट घातलेले शिपाई खंदकातून वर चढतायत, त्यातला एकजण घसरून मागे पडतो. आता ब्रूक वारला २३ एप्रिल १९१५ला. तोही खंदकात नाही, ग्रीसच्या स्कायरॉस बेटाजवळ, इस्पितळाच्या जहाजावर. डास चावला, रक्तात विष भिनलं. फ्रान्समधले ते खंदक बिचाऱ्याने कधी पाहिलेच नव्हते.

मी गप्पांच्या वेळी हे बोललो, तर उत्तर मिळालं, "अहो, भावना बघा की. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खडा लागतो."

माझे दोन प्रश्न. एक, असं दृश्य खरं की खोटं हे आपल्यासारख्याने ओळखायचं कसं? दोन, लेखकावरच्या माहितीपटात हे एवढं महत्त्वाचं आहे का, की मी खरंच खडे वेचत बसलोय?

---

नौपाडकर (शनिवार, रात्री ११:५९)

सामोसे गरम होते का ते आधी सांगा. मग भावनांकडे वळू.

---

शिरस्त्राण (रविवार, सकाळी ६:१०)

धागाकर्ते, तुम्ही अजिबात किस काढत नाही आहात. आता माझं ऐका, मी काढतो.

तुम्ही वर्णन केलेलं दृश्य मी डोळे मिटूनही सांगेन. फ्रान्समधल्या १९१६च्या सोमच्या लढाईवर ब्रिटिशांनी जो सरकारी चित्रपट काढला, त्यातलं ते आहे. मॅलिन्स आणि मॅकडॉवेल हे दोन कॅमेरावाले. ऑगस्ट १९१६मध्ये, लढाई चालू असतानाच, तो थिएटरांत लागला आणि पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे २ कोटी लोकांनी पाहिला असं सांगतात. म्हणजे तुमचा ब्रूक जाऊन सव्वा वर्ष झाल्यानंतरची ही लढाई.

गंमत पुढे आहे. ते वर चढण्याचं दृश्य सोमचंही नाही! आघाडीपासून लांब, प्रशिक्षणाच्या खंदकात मुद्दाम करून घेतलेलं आहे. कॅमेरा कुठे उभा आहे ते बघा. खऱ्या हल्ल्यात त्या जागी कोणी तिपाई लावून उभा राहिला असता तर फिल्म घरी आली नसती. खंदक उथळ. शिपायांच्या पाठीवर हल्ल्याला जातानाचं ओझं नाही.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे डोकं. ब्रॉडी हेल्मेट, ते उलट्या थाळीसारखं, १९१५च्या अखेरीस यायला लागलं आणि सर्रास दिसायला १९१६ उजाडलं. १९१४ किंवा १९१५च्या सुरुवातीची गोष्ट चालू आहे आणि डोक्यावर थाळी आहे, तर खुशाल हात वर करा. त्या काळात कापडी टोप्या होत्या.

मात्र त्याच चित्रपटातला हॉथॉर्न रिज टेकडीखालचा सुरुंगस्फोट अस्सल आहे. १ जुलै १९१६, सकाळी ७:२०. जमीन आधी फुगते आणि मग फुटते. ते कोणालाही उभं करून घेता आलं नसतं.

---

मंजिरी_नेरूळ (रविवार, सकाळी ९:३५)

वेगळं मत मांडते, रागावू नका.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. विल्फ्रेड ओवेनची विषारी वायूच्या हल्ल्याची कविता नुसती वाचून दाखवली तर मागच्या बाकावर डबे उघडतात. तीच एक दोन मिनिटांची क्लिप लावून वाचली की वर्ग गप्प होतो. ती क्लिप कुठल्या साली, कुठल्या पलटणीची, हे मला माहीत नाही आणि खरं सांगू, त्या क्षणी मला फरकही पडत नाही. कविता म्हणजे पंचनामा नव्हे. ४ नोव्हेंबर १९१८ला तो मारला गेला आणि ११ तारखेला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना, घरी तार आली. हे मी सांगते तेव्हा मुलं ऐकतात, कारण डोळ्यांपुढे काहीतरी असतं.

शिरस्त्राणकाका, तुमची माहिती जबरदस्त आहे, पण मुलांना हेल्मेटचा आकार शिकवायचा आहे की कविता?

---

रीळवाला (रविवार, सकाळी ११:२०)

इथे मला बोलावंच लागणार. मी कोपरखैरण्याला राहतो, आता निवृत्त. पंचवीस वर्षं संकलनाच्या टेबलावर काढली, त्यातली निम्मी माहितीपटांवर. म्हणजे तुम्ही ज्याला शिव्या देताय तो मीच.

आतली गोष्ट सांगतो. निवेदनाचा आवाज आधी ध्वनिमुद्रित होऊन येतो. समजा कवितेचं वाचन पन्नास सेकंदांचं. कवीचे फोटो तीन, तेही तेच तेच. तीन फोटो पन्नास सेकंद ताणले की वरून फोन येतो, "पडदा मेलाय". मग कपाटातली टेप निघते. एका टेपच्या डब्यावरची पट्टी मला आजही दिसते : 'युद्ध. धूर, धावपळ. १ मि. १० से.' बस्स. साल नाही, देश नाही. ती टेप आम्ही एका सेनापतीवरच्या कार्यक्रमात वापरली, एका कवीवरच्या वापरली आणि एकदा औषध कंपनीच्या फिल्ममध्येही (जंतूंशी लढाई!).

जुनी दृश्यं सेकंदाच्या हिशोबाने विकत घ्यायची असतात. जे आधीच घेतलेलं आहे ते फुकट. त्यामुळे चूक अज्ञानाने होते असं समजू नका, बहुतेक वेळा ती वेळापत्रकाने होते.

आता ओळखण्याच्या खुणा, संकलकाच्या बाजूने :

आवाज. पहिल्या महायुद्धाची फिल्म मुकी आहे. तोफ, शिट्टी, चिखलातले बूट, सगळं नंतर कोणीतरी खोलीत बसून भरलेलं. दुसऱ्या महायुद्धातही लढाईतली बरीच चित्रफीत मुकीच. स्फोट दिसतो त्याच क्षणी धडाम ऐकू आलं तर समजा, टेबलावर झालंय. लांबचा आवाज उशिरा येतो, वीज आणि गडगडाटासारखा.

वेग. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा चौकटी. आपल्या टीव्हीचा हिशोब पंचवीसचा. न सुधारता लावलं की शिपाई चार्ली चॅप्लिनसारखे तुरुतुरु पळतात, आणि लोक म्हणतात, त्या काळची माणसं चपळ होती!

कॅमेऱ्याची जागा शिरस्त्राणनी सांगितलीच. शत्रूच्या बाजूने आपल्या शिपायाचा चेहरा दिसतोय? मग कॅमेरावाला कोणाच्या पगारावर होता?

---

नौपाडकर (रविवार, सकाळी ११:३१)

जंतूंशी लढाई. _/\_ दंडवत घ्या. सकाळचा चहा नाकातून आला.

---

शिरस्त्राण (रविवार, दुपारी १२:०५)

रीळवाला +१. आणि हे फक्त इंग्रजांचं नाही. नोव्हेंबर १९४२ला स्टालिनग्राडजवळ रशियाच्या दोन फौजा येऊन मिळाल्या, तो मिठ्या मारण्याचा प्रसंग नंतर कॅमेऱ्यासाठी पुन्हा करून घेतलेला. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनने १९२८च्या चित्रपटात क्रांतीतला विंटर पॅलेस या राजवाड्यावरचा हल्ला कॅमेऱ्यासाठी उभा केला, तो आजही लोक १९१७ची अस्सल चित्रफीत म्हणून लावतात. खरा प्रसंग त्यामानाने फारच किरकोळ होता.

---

कुर्लेकर_आता_खारघर (रविवार, दुपारी १२:४०)

आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांत मावळ्यांच्या पायात रबरी तळ चालतात, भटारखान्यात टोमॅटो चालतात. तिथे कोणाचा खडा अडकत नाही. गोऱ्या कवीच्या हेल्मेटवर एवढी चर्चा!

बाकी आमच्या वहिनी बंगाली आहेत. त्या नेहमी वैतागतात ते नझरुल इस्लामवरच्या कार्यक्रमांवर. कवी फौजेत होता हे खरं, पण ४९वी बंगाली पलटण, आणि तो राहिला कराचीच्या छावणीत, १९१७ ते १९२०. आघाडी पाहिलीच नाही. तरी विद्रोही कविता सुरू झाली की मागे तोफा, खंदक, वाळवंटातले उंट. वहिनी म्हणतात, "छावणीत बसून फारशी शिकला, पुस्तकं वाचली, ते दाखवा ना. पण वाचणारा शिपाई कोणाला हवाय?"

---

खाडीकाठचा (रविवार, दुपारी १:१५)

वहिनींना नमस्कार सांगा. मला काल जे टोचलं पण नीट बोलता आलं नाही, ते हेच. ब्रूकची कविता फ्रान्सच्या खंदकांतली लढाई न पाहिलेल्या माणसाची आहे. तिचा तो भाबडेपणा तिथूनच येतो. तिच्याखाली खंदक दाखवला की त्या ओळी मरण पाहून लिहिल्यासारख्या वाटतात. म्हणजे नुसतं चित्र चुकत नाही, कवितेचा अर्थही बदलतो.

मंजिरीताई, तुमच्या ओवेनचं वेगळं. त्याने ते पाहिलेलं होतं.

---

धावपट्टी (रविवार, दुपारी ३:५०)

विमानवेडा आहे, त्यामुळे माझं दुखणं हवेतलं. (नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून गच्चीवरच मुक्काम असतो, बायको जेवण वर पाठवते.)

सेंट-एक्झुपेरी. लहान मुलांच्या त्या राजपुत्राच्या पुस्तकाचा लेखक. ३१ जुलै १९४४ला कोर्सिकाहून उडाला आणि परत आला नाही. विमान होतं पी-३८चा टेहळणी प्रकार, एफ-५. त्याच्या नाकात बंदुका नव्हत्या, कॅमेरे होते. तो फोटो काढायला गेला होता! मी पाहिलेल्या कार्यक्रमात त्याच्या शेवटच्या उड्डाणावर पी-३८ धडाधड गोळ्या झाडताना दाखवलं. अरे, ज्याच्याकडे बंदूकच नाही त्याला लढवय्या कशाला करता?

१९९८ला मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्याचं नाव कोरलेलं कडं आलं. विमानाचे अवशेष मिळाले आणि २००४मध्ये ओळख पटली. समुद्रतळावरचे ते गंजलेले तुकडे दाखवले तरी पुरे होते की.

---

कल्याणचा_जुना (रविवार, संध्याकाळी ५:३०)

अवांतर. युद्धाचं नाव निघालं म्हणून सांगतो, आपल्या जिल्ह्यातच युद्ध येऊन बसलं होतं. आजचं उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला कल्याण कॅम्प, लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी मंडळींना तिथे वसवलं. नेवाळीची धावपट्टी त्याच काळातली. माझे आजोबा छावणीत भांडारात कारकून होते. त्यांचा एकच फोटो आहे, खाकी हाफ पँट, मागे तंबू, हातात वही. कोणी त्यांच्यावर माहितीपट काढला (काढणार नाही म्हणा) तर त्या वहीच्या जागी नक्की बर्माच्या जंगलातली धुमश्चक्री दाखवतील.

---

नौपाडकर (रविवार, संध्याकाळी ५:४४)

आजोबांच्या वहीवर मी माहितीपट काढतो. पहिलं दृश्य : तांदूळ, पोती ४०.

---

ताराबाई_वाशी (रविवार, रात्री ८:२०)

एक अस्सल चित्रफीत मी सांगते. अॅन फ्रँकची. २२ जुलै १९४१, अॅमस्टरडॅम. शेजारच्या इमारतीतल्या मुलीचं लग्न, कोणीतरी त्याची घरगुती फिल्म काढतंय. नवरा-नवरी दारातून बाहेर येतात, कॅमेरा वर जातो आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक मुलगी वाकून बघतेय. मान वळवते, आत कोणाला तरी काही सांगते. काही सेकंद, बास. तिची हलणारी ओळखीची तेवढीच फिल्म आहे. तेव्हा नुकती बारा पूर्ण झालेली. डायरी मिळायला अजून जवळजवळ वर्ष होतं.

त्यात ना नाझी, ना धूर, ना धावपळ. शेजारची नवरी बघायला आपणही असंच वाकतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भाजी गॅसवर करपली होती.

---

मंजिरी_नेरूळ (सोमवार, दुपारी ४:०५)

आज वर्गात प्रयोग केला. सोमचं ते घसरून पडण्याचं दृश्य दाखवलं आणि नववीच्या मुलांना सांगितलं, यात काय खोटं आहे ते शोधा. दहा मिनिटं एकाचाही डबा उघडला नाही. हेल्मेट कोणाला कळलं नाही, पण "कॅमेरामनला गोळी कशी लागत नाही?" हे तिसऱ्याच मिनिटाला आलं.

मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, तो पडलेला माणूस मग उठला का?"

मी म्हटलं, बहुतेक उठला असेल, कपडे झटकले असतील. आणि लगेच त्याच चित्रपटातलं दुसरं दृश्य लावलं. एक शिपाई जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन खंदकातून येतो आणि क्षणभर कॅमेऱ्याकडे बघतो. खाली पाटी आहे, की हा जखमी अर्ध्या तासात गेला. ते दृश्य मात्र अस्सल धरतात. वर्ग गप्प झाला, पण नेहमीच्या क्लिपला होतो तसा नाही.

माझं मत अर्धं बदललंय असं लिहून ठेवा. अर्धंच.

---

शिरस्त्राण (सोमवार, दुपारी ४:३०)

ताई, हेल्मेटच्या जागी कॅमेरा आणला तुम्ही. मान्य. माझ्यापेक्षा बरं शिकवलंत.

---

निळा_डबा (सोमवार, रात्री ९:१५)

रंग भरलेल्या चित्रफितींचं काय? २०१८ला पीटर जॅक्सनने पहिल्या महायुद्धाच्या फिल्मचा वेग दुरुस्त केला, रंग भरले, ओठ वाचणाऱ्या तज्ज्ञांकडून शिपाई काय बोलतायत ते काढून आवाज दिले. मला तर ते जिवंत झाल्यासारखे वाटले. हेही खोटं का?

---

रीळवाला (सोमवार, रात्री १०:००)

खोटं नाही म्हणणार, पण तो अंदाज आहे. गवताचा हिरवा कुठला, हे ज्याने रंग भरला त्याने ठरवलं. वेग दुरुस्त करणं मला आवडलं, त्याने माणसाची चाल परत मिळते. रंगाबद्दल मात्र माझं मन अजून मानत नाही. काय केलंय ते त्यांनी लपवलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. आता तर संगणकाला नुसतं सांगितलं की तो अख्खी लढाई नवीन बनवून देतो, ओरखड्यांसकट. आमच्या डब्यावर निदान 'धूर, धावपळ' तरी लिहिलेलं असायचं.

---

खाडीकाठचा (मंगळवार, रात्री १०:४५)

मंडळी, आता माझी पंचाईत ऐका. एवढं बोललो म्हणून पुढच्या कट्ट्याचा कार्यक्रम माझ्याच गळ्यात पडलाय. विषय मीच निवडला : वेणू चितळे. कोल्हापूरकडची मुलगी, युद्धकाळात लंडनला बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये 'अॅनिमल फार्म'वाल्या जॉर्ज ऑर्वेलची सहकारी, नंतर १९५०मध्ये इंग्रजी कादंबरी लिहिली. ऑर्वेल इंग्रजीत युद्धवार्ता लिहायचा आणि त्या मराठीत भाषांतर होऊन आपल्याकडे ऐकू यायच्या, हे आमच्या कट्ट्यावर कोणालाच माहीत नाही.

पण दाखवू काय? तिची हलती फिल्म मला तरी सापडली नाही. ऑर्वेलचा तर आवाजसुद्धा कुठे मुद्रित राहिलेला नाही, दोन वर्षं रेडिओवर काम करून! हाताशी एकच फोटो आहे, १९४२चा, 'व्हॉइस' नावाच्या रेडिओवरच्या कवितांच्या मासिकाचा. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, उना मार्सन बसलेत, मागे ऑर्वेल उभा, आणि डाव्या टोकाला वेणूताई.

तर मी काल काय केलं असेल? लंडनवरच्या बॉम्बहल्ल्याची क्लिप उतरवून घेतली. आगीचे लोळ, सेंट पॉलचा घुमट, भोंगा. फोटोच्या आधी लावली की काय उठाव येतो म्हणून सांगू! मग हाच धागा आठवला.

---

शिरस्त्राण (मंगळवार, रात्री १०:५८)

पकडलं! लंडनवरचा तो सलग बॉम्बवर्षाव ७ सप्टेंबर १९४० ते ११ मे १९४१. ऑर्वेल बीबीसीत आला ऑगस्ट १९४१ला. तुमचा फोटो १९४२च्या अखेरचा. म्हणजे आग विझून दीड वर्ष झालेलं.

आणि इमारत? पोर्टलंड प्लेसची बीबीसीची ती जहाजासारखी गोलाकार इमारत दाखवणार असाल तर तेही नको. १९४२च्या मध्यापासून ही मंडळी ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या २०० नंबरात बसायची, एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत.

---

नौपाडकर (मंगळवार, रात्री ११:०२)

म्हणजे राम मारुती रोडवर साड्यांच्या दुकानावर आकाशवाणी. हे दाखवा, गर्दी होईल.

---

रीळवाला (बुधवार, सकाळी ७:४०)

खाडीकाठचे, क्लिप काढून टाका. फोटो एकच आहे ना, मग फोटोच बघू द्या लोकांना. भिंगाने बघितल्यासारखा तुकड्या-तुकड्याने उघडा. आधी मधला मायक्रोफोन, मग हातातले कागद, मग एलियट, कारण तो ओळखीचा. सगळ्यात शेवटी डावं टोक. मागे संगीत नको. ऑर्वेलच्या वार्तापत्रातला एखादा परिच्छेद तुमच्यापैकी कोणीतरी मराठीत वाचा, आणि खाली पाटी लावा की आवाज आजच्या वाचकाचा आहे.

आणि बॉम्बहल्ल्याची क्लिप लावायचीच असेल तर तीवर साल लिहा. एक ओळ. माझ्या सगळ्या नोकरीत ती ओळ टाकायला मला कोणी अडवलं नव्हतं, मीच कधी टाकली नाही.

---

ताराबाई_वाशी (बुधवार, सकाळी ८:१५)

कार्यक्रम कधी आहे? वाशीहून ठाणे लोकलने येईन. सामोशांचं नौपाडकर बघतील.

---

खाडीकाठचा (चार आठवड्यांनी, रविवार, सकाळी ८:३०)

वृत्तांत. काल कट्टा झाला. बावीस माणसं, त्यातली पाच इथली. क्लिप लावली नाही. फोटो नऊ मिनिटं पडद्यावर होता, तुकड्या-तुकड्याने. शेवटी डाव्या टोकाला आलो तेव्हा मागून कोणीतरी "ही आपली?" असं हळूच म्हणालं. भावना बघा म्हणणारे शेजारीही शेवटपर्यंत बसले होते.

खाली मी मोठ्या अभिमानाने पाटी टाकली होती : मूळ छायाचित्र, लंडन, १९२४.

होय. चोवीस. आठ वेळा तपासलं होतं. बी विंगमधल्या आजींनी हात वर केला आणि म्हणाल्या, "तुम्हीच आत्ता सांगितलंत ना, हिचा जन्म १९१२चा? मग अकरा-बारा वर्षांची पोर नऊवारी नेसायच्या वयाची कशी दिसते रे?"

---

शिरस्त्राण (रविवार, सकाळी ८:३४)

मी पहिल्याच मिनिटाला पाहिलं होतं. आजींना बोलू द्यावं म्हणून गप्प बसलो.

---

नौपाडकर (रविवार, सकाळी ८:४१)

सामोसे अस्सल होते. मी स्वतः तपासले. चार.